गादीवरून न बोलायचा शब्द

कापडाच्या दुकानात कटपीस कसे साठतात ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. ताग्याच्या शेवटी हातभर तुकडा उरतो. तो कुणी विकत घेत नाही आणि आपल्याला टाकवत नाही. मग तो एका पेटीत जातो, आणि दिवाळीची साफसफाई निघाली की पेटीचं झाकण बसेनासं झालेलं असतं. आमच्या दुकानातले किस्से असेच साठत गेले. मी आणि बशीर आता दोघेही म्हातारे झालो, पण भेटलो की पेटी उघडतोच. यातले निम्मे किस्से गिऱ्हाइकाला लागल्याचे, टोचल्याचे, खरचटल्याचे आहेत, हे आमच्याही फार उशिरा लक्षात आलं.

लोक म्हणतात, कापडाच्या दुकानात लागण्यासारखं असतं तरी काय? लोखंडाचं दुकान असतं तर गोष्ट वेगळी. अहो, सगळं असतं. कातऱ्या असतात, टाचण्या असतात, मापाचा लोखंडी गज असतो, डोक्यावर साड्या टांगायची दांडी असते. आणि आमच्याकडे तर अण्णा होते.

अण्णा म्हणजे आमचे मालक. सोलापुरात चाटी गल्लीत त्यांचं साड्यांचं आणि खणांचं दुकान होतं. मी करमाळ्याचा, लग्न झाल्यावर नोकरी शोधत आलो आणि तिथंच चिकटलो. बशीर माझ्याआधीपासूनचा. दुष्काळ नुकताच सरला होता आणि लोक पुन्हा लग्नाचे बस्ते बांधायला यायला लागले होते, ते दिवस. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पांढरं धोतर, अशा थाटात अण्णा सकाळी गादीवर बसले की दुपारी जेवायलाच उठायचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि अडचणीत सापडले की पुन्हा कानडी.

*

अण्णांच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. गादीवरून वाईट शब्द बोलायचा नाही. आता दुकान बंद करताना ‘वाढवा’ म्हणायची पद्धत सगळीकडेच आहे. पण आमच्याकडे ती फार लांबवर गेली होती. ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘संपलं’ म्हणायचं नाही. हिरवा खण शिल्लक नसेल तर अण्णा म्हणणार, “उद्या येतोय.” मग तो कधीही न येवो.

आणि या सगळ्यांहून वाईट शब्द म्हणजे ‘चुकलं’. अण्णांचे वडील म्हणायचे म्हणे, गादीवर बसून ज्यानं एकदा चूक कबूल केली त्याचं मापही लोक चुकीचं समजतात आणि भावही. चुकलं नाही, माफ करा नाही, त्या जातीचा कुठलाच शब्द नाही. गिऱ्हाइकाला काही लागलं की अण्णा आधी म्हणायचे, “इरली, इरली.” म्हणजे कानडीत, असू दे. खरं तर ते ज्याला लागलंय त्यानं म्हणायचं असतं. मग चहा यायचा, घरातून हळद यायची, रक्त निघालं असेल तर एक खण घडी घालून हातात पडायचा. प्रसंग मोठा असला तर टांगा बोलावून घरापर्यंत पोचवणं. सगळं मनापासून. अण्णा कंजूष नव्हते, हे मी कुठंही सांगेन. फक्त तो एक शब्द तेवढा त्यांच्या तोंडून निघायचा नाही.

*

पहिला मान हेडमास्तरांचा. बशीर फावल्या वेळात साड्यांना फॉल लावायचा. एका दुपारी त्याची सुई गादीतच राहिली. मास्तर आले, चपला काढल्या, ऐसपैस बसले आणि बसले त्याहून वेगानं उठले.

“बसा की मास्तर,” अण्णा म्हणाले.

“बसलो होतो. म्हणूनच उभा आहे.”

बशीरनं सुई शोधून काढली. तो कबूल करायला निघाला, “मास्तर, सूई मेरीच है...” तोवर अण्णांनी ती त्याच्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, “इरली, इरली. चांगल्या पोलादाची आहे हो. कशी लखलखीत आहे बघा. निर्धास्त राहा.”

चहा आला. मास्तरांनी तो उभ्यानं प्यायला. मास्तरीणबाईंसाठी साडी उभ्यानं पसंत केली. जाताना चपला घालता घालता म्हणाले, “अण्णा, सुईची चौकशी छान केलीत. आता वेळ मिळाला तर माझीही करा.”

*

वैरागचे एक पाटील वर्षाला एकदा अख्ख्या खटल्याचं कापड न्यायला यायचे. माणूस ताडासारखा, त्यात वर फेटा. साड्यांची दांडी बरोबर त्यांच्या कपाळाशी यायची. बशीर लांबूनच ओरडायचा, “पाटील, सर संभालो!” आणि तो ओरडला की पाटील नेमके त्याच्याकडे बघायचे आणि दांडी कपाळावर घ्यायचे.

“अण्णा, ही दांडी दरसाल खाली येतीया का मी उंच व्हायलोय?”

दांडी वीतभर वर घ्यायला सुताराला किती वेळ लागला असता? पण दांडी वर घेतली म्हणजे आधी ती चुकीच्या जागी होती असं होतं. अण्णा हसून म्हणाले, “पाटील, तुमचा मान वाढतोय. आमची दांडी आहे तिथंच आहे.”

पाटील असे खूश झाले की कपाळ चोळत चोळत दोन लुगडी जास्त घेऊन गेले. अण्णांना वाटलं, जमलं. पुढच्या वर्षी पाटील नव्या जावयाला घेऊन आले. जावईही चांगला उंच. बशीर ओरडायला तोंड उघडणार तोच पाटलांनी त्याला हातानं गप्प केलं. जावयाच्या कपाळाचा दांडीवर आवाज झाला आणि पाटील समाधानानं अण्णांकडे वळले.

“आमच्या जावयाचाबी मान बगा की वो अण्णा, कसा लई वाढलाय.”

*

रक्त निघालं की खण मिळतो, ही बातमी शुक्रवार पेठेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एक आजीबाई बोटाला चिंधी बांधून आल्या. काही घेतलं नाही, नुसत्या बसल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “मागल्या सोमवारी हितं टाचणी लागली हुती. सांगायचं राहूनच ग्येलं.”

मागच्या सोमवारी दुकान बंद होतं. बशीर अण्णांच्या कानाशी लागला, “अण्णा, ये जखम अपने दुकान की नै.”

“गिऱ्हाईक तर आपलं आहे ना?” अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून आजीबाईंना खण काढून दिला. मोरपंखी, बऱ्यापैकी.

असा माणूस. न झालेल्या जखमेची भरपाई करायचा, झालेल्या जखमेचं नाव घ्यायचा नाही. आम्ही त्या दिवशी खूप हसलो. आता ते आठवतं तेव्हा हसू तितकं येत नाही.

*

आमच्या समोर एका उडप्याचं हॉटेल होतं. मी तिथं चहा घ्यायला गेलो असताना वेटरचा पाय घसरला आणि अख्खा कप माझ्या मनगटावर आला. हॉटेलचे मालक, राव त्यांचं नाव, गल्ला सोडून धावत आले. माझा हात आधी नळाखाली धरला. मग म्हणाले, “चुकलं हो. फरशी पुसून घ्यायला मी सांगायला पाहिजे होतं. फार भाजतंय का?”

भाजत होतं. पण त्यांनी असं विचारल्यावर मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली. मी म्हणालो, काही नाही हो, होतं असं. दुकानदारानं काय करावं हे मला विचाराल तर एवढंच: आधी माणसाचा हात धरावा, मग चुकलं म्हणावं, चहा-बिहा नंतर. आता मोठ्या दुकानांत औषधाची पेटी असते, युनिफॉर्ममधला मॅनेजर येतो. ते असू दे. पण रावांना जे आलं ते पेटीत नसतं.

हे सगळं अण्णांनी गादीवरून पाहिलं होतं. मी परतल्यावर बशीर म्हणाला, “देखे ना अण्णा? राव सेठ कैसा सीधा बोल दिये. अपने कू क्या जाता जी?”

अण्णांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, “त्याला खुर्ची आहे बशीर. मला गादी आहे.”

*

आता नरसव्वा. इथवरचे किस्से आम्ही कुणालाही सांगतो, पुढचे फारसे सांगत नाही.

नरसव्वा साखर पेठेत राहायची. तेलुगू घरातली, नवरा गिरणीत, ती स्वतः विड्या वळायची. वडील गेल्यावर अण्णा पहिल्यांदा गादीवर बसले त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते नरसव्वा. नुकतं लग्न झालेली पोर. तिनं एक इरकल साडी घेतली, भवानी झाली आणि ते वर्ष दुकानाला असं काही लाभलं की अण्णांनी मनात गाठच मारली. तेव्हापासून दर दिवाळीच्या पाडव्याला नव्या वर्षाची पहिली भवानी नरसव्वाच्या हातची. ती एखादा रुमाल घेईना का, पण तिच्या आधी दुसऱ्या कुणाला काही विकायचं नाही. पाडव्याला लक्ष्मीच्या फोटोला हार असायचा, उदबत्ती असायची, पण अण्णांची नजर फोटोपेक्षा दाराकडे जास्त असायची.

ती आली की अण्णा म्हणायचे, “ये गं लक्ष्मी.” आणि ती म्हणायची, “आली की अण्णा. तुमचा दुकान उघडायला आली.” तिचं मराठी असंच होतं, आणि आम्हाला तेच बरोबर वाटायचं.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी ती लेकीच्या दिवाळसणाची साडी घ्यायला आली. थोरल्या लेकीचं पहिलंच वर्ष. साडी पसंत झाली. त्यावर जंपराचं कापड हवं होतं. आता आमच्याकडे तागे काढायची एक ऐट होती. बशीर वरच्या फळीवर चढायचा आणि तिथून तागा असा फेकायचा की तो गादीवर पडून अर्धा उलगडला पाहिजे. गिऱ्हाईक बघत राहायचं. अण्णांना त्याचा फार अभिमान, “माल असा पडला पाहिजे की चार माणसांनी मान वर केली पाहिजे.” ताग्याच्या पोटात लाकडाची फळी असते. तो जांभळा तागा पडला तेव्हा नरसव्वा पुढं वाकून साडीचा पदर चाचपत होती. फळीचा कोपरा तिच्या उजव्या हाताच्या बोटावर आला.

ती ओरडली नाही. बोट मुठीत धरून बसली. मूठ उघडली तेव्हा नख निळं पडलेलं होतं आणि कडेनं रक्त यायला लागलं होतं.

बशीर फळीवरून जवळजवळ पडतच खाली आला. हात जोडून म्हणाला, “अम्मा, मेरी...”

“बशीर,” अण्णा म्हणाले, “खण आण. चांगला आण.”

बशीर तसाच उभा राहिला, मग खण आणायला गेला.

“इरली नरसव्वा, इरली. किरकोळ आहे. हळद लाव, दिवाळीपर्यंत नख नवं येतंय बघ.”

नरसव्वानं अण्णांकडे पाहिलं. “अण्णा, ह्या बोटानं मी विडी वळते.”

“व्हय व्हय. चहा घे. टांगा बोलावतो.”

ती तरी थांबली. वाट बघत होती ती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. अण्णांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण तेवढ्यात बशीर खण घेऊन आला आणि अण्णांना तो देता आला. गंगा-जमुना काठाचा, दुकानातला सगळ्यात भारी खण होता.

तिनं तो घेतला नाही. गादीवर ठेवला. लेकीची साडीही बाजूला सारली.

“खण मी मागितला का अण्णा? मी काय ओटी भरून घ्यायला आली का?” आणि पदराखाली हात धरून ती पायऱ्या उतरून गेली.

*

पाडवा आला. आम्ही पहाटे तोरण लावलं, पूजा झाली. गिऱ्हाइकं यायला लागली. अण्णा प्रत्येकाला म्हणत, “बसा की, बसा. चहा घ्या.” पण माल दाखवायचं नाव नाही. ऊन गादीवर आलं. पायऱ्यांवर चपलांचा ढीग झाला आणि आत माणसं नुसती चहा पीत बसलेली. एका बाईंनी शेवटी विचारलं, “अण्णा, आज विकणार हाय का न्हाय?”

‘नाही’ म्हणता येत नव्हतं. अण्णा म्हणाले, “विकतोय की. लक्ष्मी यायची आहे.”

दुपार झाली. लोक उठून शेजारच्या दुकानात जायला लागले. शेवटी अण्णांनी मान हलवली आणि बशीरनं कुणालातरी परकर-कापड फाडून दिलं. भवानी झाली. अण्णा त्या दिवशी जेवायला उठले नाहीत.

धंद्याला त्या वर्षी काही झालं नाही, बरं चाललं. ते मुद्दाम सांगतो. लोकांना वाटतं अण्णांना दुकान बसायची भीती होती. पहिले काही महिने असेलही. नंतर मी जे पाहत होतो ती भीती नव्हती. दारात कुठलीही इरकल नेसलेली बाई आली की ते सावरून बसायचे, आणि बाई वेगळी निघाली की पुन्हा तक्क्याला टेकायचे.

*

संक्रांतीच्या सुमाराला अण्णांनी मला बोलावलं. लेकीसाठी पसंत केलेली तीच साडी कागदात गुंडाळून दिली. “तिला देऊन ये. माझं नाव सांग.”

साखर पेठेतल्या त्या गल्लीत दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या होत्या. नरसव्वाच्या मांडीवरही सूप होतं, पण वळत होती धाकटी लेक. नरसव्वा पानं कापून देत होती. तिच्या बोटाचं नख वाकडं उगवलं होतं, पान त्याला अडकायचं. तिच्या हातच्या विड्या सैल राहतात म्हणून कारखान्यात बाजूला काढायला लागले होते. हे तिनं नाही, लेकीनं सांगितलं.

साडी तिनं उघडूनही पाहिली नाही.

“अण्णाला सांग, साडी नको. बोटाचं काय नाय रे. कातरी रोज लागते, बोट काय, उद्या बरं होते. पण लागल्यावर माणूस बोलते की. शेजारीण बोलते, रस्त्यातला माणूस बोलते. इतक्या वर्षाचा आमचा अण्णा बोलला नाय.”

मी हे जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी साडीचं पुडकं मांडीवर घेतलं आणि दोऱ्याची गाठ सोडत बसले.

बशीरला राहवलं नाही. “अण्णा, गादी पे से नै बोलने का ना? तो नीचे उतर को बोलो. उनके घर कू जाको बोलो. वां कां गादी है?”

“उतरलो म्हणून काय झालं,” अण्णा म्हणाले. “मी जाईन तिथं दुकान माझ्या अंगावरच असतंय की रे.”

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो. एवढासा शब्द! पण त्यांच्या मांडीवरचं ते पुडकं बघितलं आणि राग पुरा करता आला नाही. काही माणसांना दान सोपं जातं, तोंड उघडणं जमत नाही. त्यांना शिकवावं तरी कुणी?

*

पुढच्या पाडव्यालाही नरसव्वा आली नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यानंतरही कधी आली नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या पाडव्याच्या आधीच्या आठवड्यातलं.

दुपारची वेळ होती. अण्णा अचानक गादीवरून उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, “चल.” कुठं ते मी विचारलं नाही. हातात काही घेतलेलं नव्हतं, ना साडी, ना खण. ते पाहूनच मला समजलं. बशीरनं फळीवरून आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात आभाळाकडे केले.

टांगा केला.

त्यांना दारात बघून नरसव्वाची तारांबळ उडाली. सूप बाजूला ठेवून ती उठली, पदर डोक्यावर घेतला. गल्लीतल्या बायकांनी विड्या वळणं थांबवलं. तिनं आतून एक लोखंडी खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि ओसरीत ठेवली. “बसा अण्णा. घरापर्यंत आला तुम्ही. बसा.”

अण्णा बसले. बसताना आधाराला खुर्चीची कड धरली आणि हात झटकन मागं घेतला. कडेचा पत्रा सुटलेला होता. तळहाताला चीर पडली, फार नाही, पण रक्त आलं.

“अय्यो!” नरसव्वा पुढं झाली आणि तिनं अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. “चुकलं अण्णा, माझं चुकलं. तो पत्रा सुटलाय मला माहीत होतं. बसायच्या आधी सांगायला पाहिजे होतं मी. दुखते का? लई लागलं का?”

बोलता बोलता तिनं लेकीला पाणी आणायला पिटाळलं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, हात धुतला, पट्टी गुंडाळली आणि विडीचा दोरा घेऊन त्यावर फेरे मारले. वाकड्या नखामुळं गाठ चटकन बसेना. तिनं ती दातांनी ओढली. पुन्हा म्हणाली, “चुकलं बघा अण्णा. घरी आलेल्या माणसाला असं व्हायला नको होतं.”

अण्णा तिच्याकडे बघत होते. इतक्या जवळून त्यांनी ते नख तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असणार.

“दुखते का?” तिनं परत विचारलं.

“दुखतंय,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं, आता. गल्लीतल्या बायकांनाही तेच वाटलं असावं, कारण सगळ्या अण्णांकडेच बघत होत्या. नरसव्वा त्यांचा हात धरून तशीच बसली होती. अण्णांनी पाणी मागितलं, प्यायले, तांब्या खाली ठेवला. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग उठले, त्या पट्टी बांधलेल्या हातासकट तिला नमस्कार केला आणि टांग्याकडे चालायला लागले. नरसव्वा दारापर्यंत आली. “जपून जा अण्णा,” एवढंच म्हणाली.

टांगा गल्लीतून बाहेर पडला. मी घोड्याकडे बघत बसलो होतो. शेजारून आवाज आला म्हणून वळलो. अण्णा आपल्या पट्टीकडे बघत हळू आवाजात म्हणत होते, “चुकलं. चुकलं गं नरसव्वा. माझं चुकलं.” थांबायचे, गाठीवरून बोट फिरवायचे, आणि पुन्हा तेच. टांगेवाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं. अण्णांना त्याचं भान नव्हतं. सगळा रस्ता ते बोलत होते.

टांगा चाटी गल्लीत वळला आणि ते गप्प झाले.